हापशाची साखळी आणि पंचायतीची वही

हापसा सगळ्यांनीच हापसला आहे. दांडा खाली दाबला की पाणी वर, एवढे आपल्याला पुरते. पण हा हापसा कुणाचा? बिघडला तर दुरुस्त कोण करणार? पैसे कुठून येणार? विचारून बघा, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवील.

1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. आपला सोलापूर जिल्हा तर आधीच कोरडा. विहिरी आटल्या, म्हणून काळ्या पाषाणात खोल बोअर घेतले आणि त्यांवर बिडाचे पंप बसवले. ते पंप मुळात परदेशातल्या एकेका शेतकरी कुटुंबासाठी केलेले होते. दिवसातून चार-दोन बादल्या काढल्या की त्यांचे काम झाले. इथे मात्र पहाटेपासून अख्खा गाव रांगेत! सांधे झिजले, दांडे मोडले. सत्तरच्या दशकात पाहणी झाली तेव्हा बहुतेक पंप बंद पडलेले आढळले. बोअरला पाणी होते, पण ते वर येत नव्हते.

यावरचा तोडगा आपल्या सोलापुरात निघाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. इथे जो पंप तयार झाला त्याला 'सोलापूर पंप' म्हणत. त्यात दांड्याच्या टोकाला कमान असते आणि कमानीवरून साखळी जाते. साखळी आतली सळई सरळ वर ओढते, आडवी हिसकत नाही. त्यामुळे झीज कमी. हाच पंप आधाराला घेऊन भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी 'इंडिया मार्क 2' तयार केला. पुढे तो आफ्रिकेतल्या गावांतही गेला.

पण पंप कितीही मजबूत असला तरी आतला वायसर झिजतोच. मार्क 2 चा वायसर बदलायचा तर बोअरमधले सगळे पाइप वर ओढावे लागतात. ते दोघा-तिघांचे काम नव्हे, पाने-पकडी घेऊन दुरुस्ती पथकच यावे लागते. पुढे मार्क 3 आला, त्यात पाइप न काढता वायसर बदलता येतो. तरी नवा वायसर आणायचा कुणी, हा प्रश्न उरतोच.

त्यासाठी ग्रामपंचायतीत वह्या असतात. घरपट्टीमुळे पालकांना नमुना 8 ठाऊक असेल. नमुना 22 फारसा कुणी बघत नाही. ती स्थावर मालमत्तेची नोंदवही. इमारत असो की पाण्याची टाकी, ती केव्हा बांधली, खर्च किती आला, दुरुस्तीला किती गेले, हे तिच्यात लिहायचे. रस्त्यांसाठी नमुना 23 वेगळा. जी वस्तू वहीत नाही, तिच्या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात पैसे धरायचे तरी कसे? माझ्या मते उद्घाटनाच्या फलकापेक्षा ही वही मोठी आहे. फलकावर टाकी बांधली ते साल असते, टाकी शेवटची कधी धुतली ते नसते.

आपल्या कुंभारीला तर हे फारच लागू आहे. 2006 साली इथे विडी कामगारांना दहा हजार घरे मिळाली. त्यानंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि त्यांतली पंधरा हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी देण्यात आली. घर ज्याचे त्याचे, कडी मोडली तर तो बसवील. पण गल्लीतला दिवा, गटारीवरची फरशी, टाकीचा व्हॉल्व्ह एकट्याचा नसतो. एवढ्या मोठ्या वसाहतीत असे किती खांब, किती व्हॉल्व्ह असतील, मोजा बघू! बांधणारा काम संपवून जातो. त्याच्याकडून या वस्तू कुणी ताब्यात घेतल्या, कोणत्या वहीत चढवल्या आणि त्यांच्या विजेचे बिल कोण भरणार, हे त्याच वेळी ठरले नाही तर पहिला दिवा विझला की भांडण ठरलेले.

पालकांनो, पुढच्या ग्रामसभेला आलात की नमुना 22 आणि 23 वाचून दाखवा म्हणावे. आम्हाला मत नाही, पण मोजता येते. आम्ही गावातले हापसे आणि दिव्याचे खांब मोजून आकडे या फलकावर लावू. वहीतले आकडे तुम्ही आणा.