खिळ्यावाचून जोडलेली तारवं



कुदळीचा दांडा सैल झाला की आपण काय करतो? रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड फुगतं, दांडा घट्ट बसतो. हीच युक्ती वापरून मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सुतारांनी समुद्र ओलांडणारी व्यापारी तारवं बांधली. आज त्यांच्याबद्दल बोलू.

तेरेंगानू हे तिथलं एक राज्य. त्याच नावाची नदी जिथं समुद्राला मिळते, तिथं दुयोंग नावाचं बेट आहे. तिथले मलय सुतार पिढ्यान्‌पिढ्या तारवं बांधत आले, तीही कागदावर एक रेघ न ओढता. सगळं माप डोळ्यात आणि हातात.

आपल्याला वाटेल, आधी सांगाडा उभा करायचा, मग त्यावर फळ्या ठोकायच्या. हे सुतार उलटं करतात. तळाचा कणा ठेवला की दोन्ही बाजूंनी फळीवर फळी चढवत जातात, आतल्या फासळ्या नंतर बसवतात. लाकूड चेंगलचं. फार जड, फार टिकाऊ. फळी विस्तवावर शेकून वाकवायची, तिच्या कडेला भोकं पाडून लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि दोन फळ्यांच्या मधे गेलाम झाडाची साल घालायची. ही साल कागदासारखी, पापुद्र्यांची. पाणी लागलं की फुगते आणि फट बुजते. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो. खुंटीला ती भीती नाही.

यातलं 'पिनास' नावाचं तारू आम्हाला फार आवडलं. त्याचा आकार गोऱ्यांच्या जहाजासारखा, शिडं मात्र चिनी पद्धतीची, आडव्या काठ्या घातलेली. वारा वाढला की शीड पडद्यासारखं घडी घालत खाली घ्यायचं, म्हणजे थोड्या माणसांत काम भागतं. दुसऱ्यांचं चांगलं ते घेतलं, पण फळ्यांची जोडणी आपलीच ठेवली!

या तारवांतून सुकी मासळी सिंगापूरला जायची. सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, मीठ यायचं. आपल्या कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्यात लोटतात. तिथं खवळलेला समुद्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, म्हणून तारवांची विश्रांतीही तेव्हाच. एरवी पुरुष दर्यावर, आणि मागे घर बायकांवर. त्या किनाऱ्यावरच्या बाजारांत आजही विक्रीला बसलेल्या बहुतेक बायकाच दिसतात.

पुढे इंजिनं आली, रस्ते झाले आणि शिडांचा व्यापार बसला. चेंगलचं लाकूडही दुर्मीळ आणि महाग झालं. दुयोंगला अलीकडे काम आलं ते बरंचसं हौशी परदेशी लोकांचं. जाणते सुतार आता मोजकेच उरलेत. पोरगा उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबला तरच हे काम शिकतो, आणि मिळकतीची खात्री नसेल तर तो राबेल कशाला?

तुमच्या गावात नुसतं पाहून-पाहून शिकलं जाणारं असं एखादं काम आहे का? गटाच्या बैठकीत विचारा आणि आम्हाला कळवा.