चौथऱ्याचा खटला आणि एका कलमाचे चार तुकडे

कायद्याचं उत्तर कसं लिहावं, हे शिकायला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने लांब जायला नको. नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर पुरेसं आहे.

तिथल्या शनिदेवाच्या चौथऱ्यावर स्त्रियांना असलेली बंदी कायदेशीर होती का, असं विचारलं की बहुतेक जण थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ वर जातात. समता, सन्मान, निष्कर्ष. तळमळ खरी असते, पण मार्क इथेच जातात. अनुच्छेद १४ शासनसंस्थेला बांधतो. देवस्थान ट्रस्टला तो कसा लागू होतो, हे आधी सिद्ध करावं लागतं.

२०१६ मध्ये विद्या बाळ आणि ज्येष्ठ वकील नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिथे कळीचा ठरला तो हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाबाबतचा राज्याचा १९५६ चा कायदा. बेअर अ‍ॅक्ट उघडून त्याचं कलम ३ सावकाश वाचावं. जागा सार्वजनिक पूजास्थान आहे का? ती हिंदूंना खुली आहे का? अडवलेली व्यक्ती हिंदूंच्या एखाद्या 'वर्गा'तली आहे का? इतरांना मिळतो तसा आणि तेवढाच प्रवेश तिला मिळतो का? रूढीची सबब तर कलम सुरुवातीलाच निकालात काढतं.

तिसऱ्या प्रश्नावर खरी झुंज आहे. कायद्यातल्या 'वर्गा'च्या व्याख्येत जाती, पोटजाती, पंथ आहेत. स्त्रियांचा उल्लेख नाही. समोरचा वकील नेमकं इथेच बोट ठेवणार. हा मुद्दा टाळणारं उत्तर कच्चं. व्याख्या समावेशक आहे, यादी तिथे संपत नाही, हे दाखवावं लागतं. केरळच्या अशाच शब्दांच्या कायद्याचा अर्थ लावताना शबरीमला निकालात, २०१८ मध्ये, स्त्रियाही 'वर्ग' ठरल्या.

चौथा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण कायद्याची मर्यादा तिथे दिसते. हे कलम बरोबरीचा प्रवेश देतं. चौथरा सगळ्यांनाच बंद असेल, तर या कलमाच्या आधारे तो उघडून मागता येत नाही. १ एप्रिल २०१६ रोजी उच्च न्यायालयाने कायदा राबवणं हे सरकारचं कर्तव्य असल्याचं स्पष्ट केलं. ट्रस्टने तर पुरुषांनाही चौथरा बंद केला होता. पण ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या जलाभिषेकासाठी, पुरुष बंदी मोडून वर चढले. त्यानंतर ट्रस्टने त्याच दिवशी स्त्रियांनाही चौथरा खुला केला.