पाया आणि पहारा



गोदी असो, बँक असो वा एस. टी.चे आरक्षण असो, आजचे काम आज्ञावलीवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालते. ते बंद पडले की खिडकीवरचा माणूस सांगतो, "सर्व्हर डाउन आहे." हे उत्तर नव्हे, ही केवळ बातमी झाली. ते का बंद पडले, हे शोधण्याची एक रीत आहे, आणि ती तुम्हांआम्हांला समजण्यासारखी आहे.

प्रथम पाया पाहू. जावा किंवा पायथॉन या भाषांत लिहिलेली आज्ञावली यंत्राला थेट कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो. त्याला रनटाइम म्हणतात. आज्ञावलीच्या आधी हा दुभाषा बसवावा लागतो, आणि पुष्कळशा तक्रारी येथेच उगम पावतात.

त्यांची नेहमीची कारणे तीन. पहिले, आवृत्तीचे. जावा १७ साठी बांधलेली आज्ञावली जावा ८ वर चालत नाही. मग पडद्यावर ६१ आणि ५२ हे आकडे उमटतात. ६१ म्हणजे जावा १७ आणि ५२ म्हणजे जावा ८. एवढे ठाऊक असले की अर्धा शोध संपला. दुसरे कारण पत्त्याचे. यंत्र रनटाइमला 'पाथ' नावाच्या यादीत शोधते आणि जो आधी सापडेल तो घेते. नवा बसवला, पण यादीत जुनाच वर राहिला, तर काम जुनाच करतो. तिसरे कारण जागेचे. संगणकात पोर्ट नावाचे क्रमांक दिलेले धक्के असतात. धक्क्याला एक गलबत आधीच लागलेले असेल, तर दुसऱ्याला तेथे जागा मिळत नाही.

म्हणून नियम असा : चुकीचा संदेश पुरता वाचावा, एका वेळी एकच बदल करावा, आणि तो लिहून ठेवावा. सगळे पुसून पुन्हा बसवले तर काम कधी सुरू होते, पण कारणही पुसले जाते आणि बिघाड पुन्हा दाराशी येतो.

आता पहारा. आज्ञावलीवर नजर ठेवणारी साधने तीन गोष्टी टिपतात. एक मोजमाप : यंत्रावर भार किती, उत्तरास विलंब किती. दुसरा रोजनामा, म्हणजे लॉग : केव्हा काय घडले. तिसरा माग : एक मागणी कोणकोणत्या यंत्रांतून गेली आणि कोठे अडली. प्रोमिथिअस नावाचे साधन ठराविक वेळाने प्रत्येक आज्ञावलीकडून असे आकडे गोळा करते. मात्र पहारेकरी ज्याच्यावर पहारा ठेवतो त्याच यंत्रात राहिला, तर यंत्राबरोबर तोही झोपतो.

हे तत्त्व अलिबागकरांना नवे नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांमुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून ते काम अलिबागला हलवले गेले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या, आणि मगच कुलाब्याचे काम थांबवले. मापणारे साधन गडबडीपासून दूर ठेवावे आणि नवे पारखून घेतल्यावाचून जुने मोडू नये, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

ते न पाळल्यास काय होते, हे उरणच्या बाजूने २०१७ मध्ये पाहिले. २७ जून रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. त्याने युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून, म्हणजे विश्वासाच्या दारातूनच प्रवेश केला. मर्स्क कंपनीची यंत्रणा कोसळली आणि न्हावाशेवा बंदरातील तिच्या गटाच्या टर्मिनलचे संगणक बंद पडले. पुढे मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. तिच्या जाळ्याच्या एका कळीच्या नोंदीची एकच प्रत वाचली होती, तीही घानामध्ये. वीज गेल्यामुळे तेथील यंत्र त्या वेळी बंद होते! दैवाने वाचवले ते व्यवस्थेने वाचवायला हवे होते. वेगळी ठेवलेली प्रत म्हणजे चैन नव्हे.

आणि शेवटी माणसाचा प्रश्न. ब्रिटनच्या टपाल खात्यात १९९९ पासून होरायझन नावाची आज्ञावली आली. तिने हिशेबात तूट दाखवली, आणि तिच्यावर विसंबून २०१५ पर्यंत ९०० हून अधिक टपालचालक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. आज्ञावलीतच दोष होते, हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केले. यंत्र चुकत नाही या समजुतीची किंमत निरपराध माणसांनी मोजली.

म्हणून आम्हां कामगारांची मागणी साधी आहे. बिघाड झाला की आधी रोजनामा उघडा, मग माणसाकडे बोट दाखवा. तो रोजनामा चौकशीत ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही दाखवा. पहाऱ्याचे साधन यंत्राचे दुखणे ओळखण्यासाठी बसवले आहे. कामगार किती मिनिटे उठला हे मोजण्यासाठी त्याचा वापर करावयाचा असेल, तर तसे आधी उघड सांगा आणि त्याविषयी बोलणी करा. उद्या खिडकीवर कोणी "सर्व्हर डाउन" म्हणाला, तर त्याच्यावर चिडू नका. त्याच्या वरिष्ठाला मात्र अवश्य विचारा : काय बंद पडले, केव्हापासून, आणि नोंद कोठे आहे?