माळ्यावरील दप्तरें

जुन्या वाड्याची वांटणी होते तेव्हां भांड्याकुंड्यांची व दागिन्यांची यादी होते. माळ्यावरील दप्तराची चौकशी मात्र कोणी करीत नाहीं. मोडी वाचणारें माणूस घरांत उरलेलें नसतें, सबब तीं बासनें रद्दींत जातात. अशा दप्तराची योग्यता केवढी असूं शकते, हें पुढील उदाहरणावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांत झाला, असें बखरींच्या आधारें दीर्घकाळ मानिलें जात होतें. कारी येथील जेधे देशमुखांच्या संग्रहांत एक शकावली होती. लोकमान्य टिळकांनीं ती १९१६ सालीं प्रसिद्ध केली. तींत जन्मतिथि फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी निघाली. बखर बहुधा मागाहून रचिलेली असते. शकावलींत प्रसंगांचीं टिपणें शक व तिथि देऊन क्रमवार केलेलीं असतात. तथापि एकाच कागदावर विसंबून चालत नाहीं. पुढें १९२७ सालीं परमानंदकृत शिवभारत हें समकालीन संस्कृत काव्य छापून निघालें. त्यांतही तीच तिथि आढळली. जोधपूर येथील संग्रहांत मिळालेल्या जन्मकुंडलीनेंही तिला दुजोरा दिला. निरनिराळ्या ठिकाणचे साक्षीदार एकच गोष्ट सांगूं लागले, तेव्हां तिथीस बळकटी आली. पुढें महाराष्ट्र शासनानेंही हीच तारीख स्वीकारली.

घरीं दप्तर सांपडल्यास कागदांचा मूळ क्रम मोडूं नये. चिकटलेले कागद ओढूं नयेत, फाटलेल्यांस चिकटपट्टी लावूं नये. प्रत्येक कागद कोणीं, कोणास, केव्हां व कशासाठीं लिहिला, तो अस्सल कीं नक्कल, हें पाहावें. कर्ज मागणारा आपली अडचण वाढवून लिहितो; परंतु त्याच पत्रांत सहज ओघानें आलेला धान्याचा भाव बहुधा खरा असतो. म्हणून घरखर्चाच्या याद्याही क्षुद्र समजूं नयेत. नक्कल करितांना मूळचें शुद्धलेखन सुधारूं नये. पत्रांतील नांवें व नातीं वडीलधाऱ्या मंडळींस विचारून आतांच टिपून ठेवावीं. तीं सांगणारें माणूस गेल्यावर कागद असूनही मुका होतो.

मोडी लागत नसेल, तर १९१० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेंतील जाणकारांस दप्तर दाखवावें. त्यांनीं पाहिल्यावांचून एकही कागद रद्दींत जाऊं देऊं नये, एवढीच आमची गृहस्थांस व गृहिणींस विनंती आहे.