‘खुप’ आवडतेस, पण...

दोन आठवडे गप्पा छान रंगल्या. दोघांनाही पावसात कांदाभजी आवडतात, दोघांनाही मांजरे चालतात आणि दोघांच्याही आया सारख्याच प्रमाणात काळजी करतात, हे सगळे सिद्ध झाले. मग एका रात्री त्याने धीर केला आणि लिहिले, ‘तु मला खुप आवडतेस.’ मुलीने वाक्य तीनदा वाचले. पहिल्यांदा ती लाजली. दुसऱ्यांदा तिला ‘तु’ दिसला. तिसऱ्यांदा ‘खुप’ दिसला आणि त्यानंतर तिला त्या वाक्यात दुसरे काही दिसेना.

प्रसंग काल्पनिक असला तरी लग्नाच्या वयाची मुले-मुली ज्या घरात आहेत, तिथे तो ओळखीचा वाटेल. डेटिंग अ‍ॅपवर पसंत पडलेले स्थळ एका ‘आर्शिवाद’ने किंवा ‘शुभेछ्या’ने हातचे जाते. अर्थात हा प्रकार काही अ‍ॅपने आणलेला नाही. जुन्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला चालून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव, यांबरोबरच चार ओळी लिहून दाखव असेही सांगत. ‘अक्षर बघायचे होते,’ हे त्यामागचे कारण. मुलाला मात्र कोणी ‘आशीर्वाद’ लिहून दाखवायला सांगितल्याचे ऐकिवात नाही. आता परीक्षा दोघांचीही होते, एवढी प्रगती मान्य करायला हवी.

या नाजूक विषयावर शास्त्रज्ञांनी खरोखरच काम केले आहे. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी डेटिंग संकेतस्थळावरच्या परिचयाच्या मजकुरात मुद्दाम चुका पेरल्या आणि वाचणाऱ्यांना विचारले, ही व्यक्ती कशी वाटते? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिली गंमत अशी निघाली की, चुका लक्षात आलेले लोक जेमतेम एक तृतीयांश होते. उरलेल्यांना फोटोपलीकडे फारसे काही दिसले नसावे. पण ज्यांना चूक दिसली, त्यांच्या नजरेत त्या व्यक्तीचे आकर्षण उतरले. शिवाय चुकीनुसार शिक्षा वेगळी. घाईत अक्षर इकडचे तिकडे झाले, तर माणूस निष्काळजी ठरला. व्याकरणाचा नियमच मोडला, तर तो कमी हुशार ठरला.

वाचणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी काय घडते, हेही बरेचसे ठाऊक आहे. डोक्याच्या त्वचेवर तारा चिकटवून मेंदूतले विद्युत तरंग मोजता येतात. ‘तिने पोळीला साजूक चप्पल लावली’ अशा धाटणीचे वाक्य वाचले की चारशे मिलिसेकंदांच्या आसपास एक विशिष्ट तरंग उमटतो, हे १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवले. हा तरंग अर्थ न जुळल्याचा. ‘मुलगी आला’ यासारख्या वाक्यात अर्थ कळतो, पण रचना बिघडलेली असते. तिथे सुमारे सहाशे मिलिसेकंदांनी वेगळाच तरंग दिसतो. म्हणजे ‘आपण भाषेवरून माणसाला जोखत नाही’ असे सज्जनपणे ठरवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी मेंदूने लाल शाई उघडलेली असते.

मेंदूचे जाऊ द्या, हृदयही यात सामील आहे. निरोगी हृदय भिंतीवरच्या घड्याळासारखे काटेकोर ठोके देत नाही. दोन ठोक्यांमधले अंतर सतत थोडे कमीजास्त होत असते आणि हे चांगले लक्षण आहे. माणूस ताणाखाली आला की ही लवचीकता घटते, ठोके जास्त एकसुरी पडू लागतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठातील दगमार दिव्याक आणि सहकाऱ्यांनी ४१ इंग्रजीभाषक प्रौढांना ४० ध्वनिमुद्रणे ऐकवली. त्यातल्या निम्म्यांमध्ये व्याकरणाच्या चुका होत्या. चुका कानावर पडताना ऐकणाऱ्यांच्या ठोक्यांमधली ही लवचीकता कमी झालेली आढळली. तेव्हा ‘तुझं मराठी ऐकून माझ्या छातीत धडधडतं’ हे वाक्य प्रेमाचेच असेल असे नाही. मात्र चुकीच्या वेलांटीने कोणाला हृदयविकाराचा झटका येत नाही. सेवानिवृत्त मराठीच्या शिक्षकांनी निश्चिंत असावे.

मराठीत या चुका इतक्या का होतात, यालाही कारण आहे. ‘खूप’ आणि ‘खुप’ बोलताना सारखेच ऐकू येतात. कान मदत करत नाही, सगळा भार स्मरणावर. त्यात नियम असे की ‘मूल’ दीर्घ, पण ‘मुलगा’ ऱ्हस्व. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाचा’ ऱ्हस्व. शेवटचा इकार दीर्घ लिहायचा म्हणून ‘की’ दीर्घ, पण ‘आणि’ मात्र अपवाद. मराठी साहित्य महामंडळाचे हे नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. तेव्हापासून नियम पाळणारे आणि नियमांना वैतागणारे असे दोन पक्ष महाराष्ट्रात सुखाने नांदत आहेत. काही ठिकाणी मात्र वेलांटी खरोखर अर्थ बदलते. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे बिचारा, त्यामुळे ‘जन्मदीनाच्या शुभेच्छा’ वाचून उत्सवमूर्तीला वाईट वाटू शकते. ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी आणि ‘शिर’ म्हणजे डोके. सलाईन लावताना ‘पेशंटचे शिर सापडत नाही’ असे केसपेपरवर लिहिले गेले, तर नातेवाइकांनी काय समजावे?

चुकीचा राग कोणाला जास्त येतो, हेही पाहिले गेले आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या ज्युली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांनी २०१६ मध्ये ८३ जणांना काही ईमेल वाचायला दिले. घरात भाडेकरू सोबती हवा, या जाहिरातीला आलेली ती उत्तरे होती; काहींत चुका, काही निर्दोष. चुका दिसल्यावर बहिर्मुख माणसे फारशी बिथरली नाहीत. अबोल, अंतर्मुख माणसांनी लिहिणाऱ्याला जास्त कठोरपणे तोलले. व्याकरणाच्या चुकांवर सर्वात जास्त चिडले ते स्वभावाने कमी मिळतेजुळते घेणारे. त्यामुळे ‘कि’ची ‘की’ करून उत्तर पाठवणाऱ्या व्यक्तीशी संसार करावा का, हाही विचार समोरच्याने जरूर करावा. वेलांटी सुधारणारा माणूस पुढे भाजीतले मीठही सुधारणार आहे.

इथपर्यंत सगळे हसण्यावारी नेण्यासारखे आहे. पण आपल्याकडे ‘चूक’ म्हणून जे हसले जाते, त्यातले बरेचसे चूक नसतेच. पुण्या-मुंबईच्या मुलाला समोरून ‘मी आत्ताच घरी आलो’ असा संदेश येतो आणि हे खाते मुलीच्या नावाने कोणी मुलगाच चालवतो आहे की काय, या शंकेने त्याला घाम फुटतो. मुलगी कोल्हापूरची असते, एवढेच. तिकडे बायकाही ‘आलो, गेलो’ म्हणतात. नागपूरची मुलगी ‘मी येऊन राहिली’ म्हणते, तेव्हा ती कुठेही राहिलेली नसते, वाटेत असते. वऱ्हाडी-नागपुरी बोलीची ती स्वतःची, नियमबद्ध रचना आहे. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्याला जे हसू मिळते, ते तर व्याकरणाचे नसतेच. ते त्याच्या गावाला, घराला आणि अनेकदा जातीला असते. शुद्धलेखनाच्या नावाखाली ही चाळणी लावणे फार सोयीचे जाते, कारण तिथे कोणाला काही बोलता येत नाही.

मेंदूला मात्र माफ करता येते, हे विशेष. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डच लोकांना लिंगाच्या चुका असलेली वाक्ये ऐकवली. बोलणारा अस्सल डच असला, की तो सहाशे मिलिसेकंदांचा तरंग उमटायचा. तीच चूक तुर्की हेल असलेल्या माणसाने केली, की तरंग उमटत नसे. हा माणूस आपली भाषा शिकतो आहे, हे मेंदूने गृहीत धरलेले असते. शेजारच्या तमिळ काकू ‘माझा आई आली’ म्हणाल्या की आपण कौतुकाने हसतो, आणि तेच सांगलीहून आलेल्या मुलाचा एखादा शब्द खटकला की भुवया चढतात. परक्याला दिलेली सूट आपल्याच माणसाला मिळत नाही.

पूर्णविरामाची तर वेगळीच कथा. ‘येशील का?’ या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘हो.’ ही दोन उत्तरे सारखी आहेत का? व्याकरणाने दुसरे अधिक नीटनेटके. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन यांनी १२६ विद्यार्थ्यांना असे छोटे संवाद दाखवले, तेव्हा मोबाइलवरच्या पूर्णविराम दिलेल्या उत्तरात मनापासूनपणा कमी वाटला. तेच उत्तर हाताने चिठ्ठीवर लिहिलेले दाखवले, तर फरक पडला नाही. प्रत्यक्ष बोलण्यातला आवाजाचा चढउतार फोनवर नसतो, म्हणून लोक विरामचिन्हांतून सूर ऐकतात. वडिलांच्या ‘ठीक आहे.’ला घाबरणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. त्यांना शाळेत वाक्य पूर्ण करायला शिकवले होते, ते रागावलेले नाहीत.

मग जोडी जुळते कशाने? मॉली आयर्लंड, जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चार-चार मिनिटांच्या ४० पहिल्या भेटींमधले संवाद तपासले. त्यांनी मोठमोठे शब्द पाहिले नाहीत. ‘आणि, पण, तो, ती, मी’ या जातीचे, कोणाच्या लक्षातही न येणारे किरकोळ शब्द मोजले. ज्यांची या शब्दांची ढब एकमेकांशी जास्त जुळत होती, त्यांना पुन्हा भेटावेसे वाटण्याचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक होते. आधीपासून एकत्र असलेल्या ८६ जोडप्यांचे संदेशही तपासले. ज्यांची ढब जुळत होती त्यांतली जवळपास ८० टक्के जोडपी तीन महिन्यांनी टिकून होती. न जुळणाऱ्यांतली सुमारे ५४ टक्के. हा हिशेब इंग्रजीचा आहे आणि मराठीत निम्मे काम शब्दाला चिकटलेले प्रत्यय करतात, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण ‘अगं, चल ना गं’ला ‘होय, येते’ असे उत्तर सतत येत असेल, तर समजून घ्यायला संशोधनाची गरज नाही.

काहींसाठी शुद्धलेखन हा आळसाचा प्रश्न नसतो. शाळकरी वयातल्या ५ ते १५ टक्के मुलांमध्ये वाचन, लेखन किंवा गणिताशी निगडित विशिष्ट अध्ययन अक्षमता असते. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ने हा विषय घराघरांत नेला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद झाली. ती मुले आता मोठी झाली आहेत आणि त्यांनाही लग्न करायचे आहे. वेलांट्या चुकणे, जोडाक्षरे गळणे, अक्षरांची अदलाबदल होणे यांचा बुद्धीशी संबंध नाही. असा माणूस फोनवर दोन ओळी पाठवण्याआधी दहादा पुसतो, आणि बहुधा शेवटी फक्त अंगठ्याचे चित्र पाठवतो. त्याला ‘याला बोलायचंच नसतं’ असा शेरा मिळतो. लिहिण्यापेक्षा आवाजी संदेश पाठवणाऱ्याकडे थोडे सहानुभूतीने पाहायला हरकत नाही.

एका प्रकारच्या चुकीवर मात्र हसून पुढे जाऊ नये. अमेरिकेत २५ वर्षांच्या एका गर्भवती महिलेने डॉक्टरांकडून परतताना पतीला प्रसूतीच्या तारखेबद्दल संदेश पाठवले. शब्द होते, पण त्यांचा काही अर्थ लागेना. पतीने ते टायपिंगची गडबड म्हणून सोडून दिले नाही. तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाल्याचे आढळले. डेट्रॉइटमधल्या एका रुग्णालयाने २०१३ मध्ये असाच एक रुग्ण नोंदवला. चाळिशीतला हा माणूस बोलत नीट होता, वाचत नीट होता, पण त्याने पत्नीला पाठवलेले संदेश विस्कटलेले होते. डॉक्टरांनी त्याला एक साधे वाक्य फोनवर टाइप करायला सांगितले. त्याने चुकीचे टाइप केले, आणि त्यात काही चूक आहे हे त्याला दिसेना.

फरक ओळखायचा तो इथे. जन्मभर ‘खुप’ लिहिणारा आजही ‘खुप’च लिहितो, ती त्याची सवय. नेहमी नीट लिहिणाऱ्या माणसाचे संदेश अचानक निरर्थक झाले आणि ‘हे काय लिहिलंस?’ विचारल्यावर त्याला प्रश्नच कळला नाही, तर लगेच फोन करावा. व्हिडिओ कॉल असेल तर हसायला सांगावे, दोन्ही हात वर करायला सांगावे, एक साधे वाक्य म्हणायला सांगावे. तोंड एका बाजूला ओढलेले, एक हात खाली येणारा, बोलणे अडखळणारे, यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ ला फोन लावावा. संदेशांशिवाय दुसरे काहीच दिसले नाही, तरीही रुग्णालय गाठावे. मधुमेही माणसाची साखर फार खाली गेली तरी असाच गोंधळ होतो, म्हणून ग्लुकोमीटर हाताशी असेल तर ती तपासावी, पण त्यासाठी गाडी थांबवू नये.

रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तो हिशेब लक्षणे कोणाच्या नजरेला पडली तेव्हापासून होत नाही. रुग्ण शेवटचा ठीक होता त्या वेळेपासून होतो, आणि नातेवाइकांना ती वेळ सहसा आठवत नाही. म्हणून तो फोन सोबत न्यावा. शेवटचा नीट लिहिलेला संदेश किती वाजता आला, हे त्यावर मिनिटासकट असते.