बर्फातली पायपीट आणि उंचीचा आजार

दिवाळी सरून गारठा वाढू लागला की नाशिककरांना डोंगर खुणावू लागतात. काही वर्षी निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. अशा थंडीत पहाटे कळसूबाई चढणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. यातलीच काही तरुण मुले डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातील केदारकंठ्याच्या बर्फाळ वाटेवर जातात. निघण्यापूर्वी प्रकृतीचा दाखला घ्यायला माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, कळसूबाई चार वेळा केलंय, दमसुद्धा लागत नाही."

त्यांना मी साधा हिशेब सांगतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, तर केदारकंठ्याची सुमारे ३८००. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. ३८०० मीटरवर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असतो. व्यायामाने पाय तयार होतात. पण विरळ हवेची सवय वर हळूहळू मुक्काम करतच होते. म्हणून धडधाकट तरुणालाही हा आजार गाठतो.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, थकवा, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती दिसताच पुढे चढू नये. विश्रांतीने बरे न वाटल्यास खाली उतरावे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, फेसाळ थुंकी म्हणजे फुफ्फुसात पाणी साठत असल्याची खूण. तोल जाणे, असंबद्ध बोलणे म्हणजे मेंदूला सूज. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, माहीतगाराच्या सोबतीने रुग्णाला रात्रीच खाली आणावे. या विलंबाने जीव जातो. प्रतिबंधक गोळ्या मिळतात, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

थंडीचेही भान हवे. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. आत लवकर वाळणारा कपडा, वर लोकर, बाहेर वारा अडवणारे जाकीट असावे. कोरडे मोजे जवळ ठेवावेत. बोटे पांढरी पडून बधिर झाली तर ती चोळू नयेत, शेकोटीवर धरू नयेत. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीर अधिकच थंड पडते. तहान नसली तरी पाणी पीत राहावे.

हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी तपासणीशिवाय जाऊ नये.

"आपल्यामुळे सगळ्यांना परतावे लागेल," या संकोचाने मुले डोकेदुखी लपवतात. म्हणून दाखल्यावर सही करताना मी प्रत्येकाला बजावतो: काही दुखले-खुपले तर त्याच क्षणी सोबत्याला सांगा. पालकांनीही मुलांना निरोप देताना हेच सांगावे.