रस काळा पडला की विषाणू गेला!

आमच्या धाराशिवकडचं सूर्यफूल नेक्रॉसिसनं घालवलं, असं वडील अजून म्हणतात. १९९७ मध्ये हा रोग कर्नाटकात आढळला, पुढे महाराष्ट्रातही आला. कारण टोबॅको स्ट्रीक विषाणू, आणि तो भलताच नाजूक. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळक्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो. याचं तसं नाही. पान नुसतं ठेचलं की रसातल्या फिनॉलचं हवेनं क्विनोन होतं (चिरलेलं वांगं काळं पडतं ना, तसंच) आणि विषाणू निकामी! म्हणून खल गार, पीएच ७ चा फॉस्फेट बफर आणि त्यात थेंबभर मर्कॅप्टोइथेनॉल. वास नको रे बाबा, पण ऑक्सिडेशन तेच रोखतं. मग हा रस चवळीच्या पानावर चोळायचा. चार-पाच दिवसांत तांबूस डाग उठतात. नाही उठले, तर शेतकऱ्याला 'रोग नाही' सांगण्याआधी बफर तपासायचा.